लांबलेला महिना

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला विचारलं, "उज्ज्वला, तू बाहेर कवा बसली हुतीस?"

मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अक्काताई. आमच्या विट्याकडे पुष्कळ घरांत सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. घरात आता आम्ही दोघीच उरलो होतो. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते आणि दयानंदला जाऊन दोन आठवडे होत होते.

बाहेर बसणं आमच्या घरात कडक होतं. घराच्या मागं यंत्रमागाचं शेड होतं आणि शेडच्या भिंतीला लागून एक पडवी. पाळीचे चार दिवस मी त्या पडवीत बसायची. सुताला हात लावायचा नाही, ते मागाच्या कांड्यांवर भरायचं नाही, पाण्याच्या घागरीजवळ जायचं नाही. आत्याबाई ताट वाढून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागं फिरायच्या. आत कधी यायच्या नाहीत. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. त्याबद्दल त्या मला तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत. पण दर महिन्याला ते ताट उंबऱ्यावर ठेवताना थोडा आवाज व्हायचा. तो आवाज ओळखायला मी शिकले होते.

मी आठवून बघितलं. एप्रिलच्या शेवटी बसले होते. मग मे महिना लागला, आणि मे महिन्यात मला माझ्या शरीराची आठवणच राहिली नव्हती.

"एप्रिलात," मी म्हणाले.

तव्यावरची भाकरी करपली होती. आत्याबाईंनी ती उलथन्यानं उचलून बाजूला ठेवली, गॅस बारीक केला आणि मला हाताला धरून उठवलं. उरलेल्या भाकरी त्यांनी केल्या.

मे महिन्यात काय झालं ते सांगायला हवं.

टाळेबंदीमुळे माग बंद होते. दयानंद दिवसभर मोबाइल घेऊन लसीची वेळ मिळते का बघत बसायचा. साठीच्या पुढच्यांना आधीच मिळाली होती, त्यामुळं आत्याबाईंची सुई झाली होती. आमच्या वयाच्या लोकांसाठी नुकतीच सुरू झाली होती, आणि जागा उघडल्या की डोळ्याचं पातं लवायच्या आत भरून जायच्या. एका दुपारी त्याला लांबच्या एका गावातल्या केंद्रावर एकच जागा मिळाली. त्यानं तिथं माझं नाव घातलं. मी त्याला म्हटलं, अरे तू घे, तुझं बाहेर जाणं जास्त. तो म्हणाला, आईजवळ तू असतीस, तुला आधी झाली पाहिजे. मला काय, उद्या मिळेल.

मोटारसायकलवरून तोच मला घेऊन गेला. मी आत सुई घेऊन अर्धा तास बसले, तो बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा राहून दर थोड्या वेळानं खिडकीतून बघत होता. येताना त्यानं कलिंगड घेतलं. दोन दिवस माझा दंड दुखत होता, अंगात कणकण होती, तर स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं पिठलं केलं. काम नाही, कुठं जायचं नाही, असे ते दिवस होते. आम्ही दोघं इतके जवळ लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही नव्हतो.

अक्षय तृतीयेला त्याला ताप आला. त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, आमची दोघींची निगेटिव्ह. सांगलीत कशीबशी खाट मिळाली. तिथून एका ब्रदरच्या फोनवरून त्यानं मला एकदा व्हिडिओ कॉल केला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता येत नव्हतं, तरी मास्क जरासा वर करून त्यानं विचारलं, "दंड दुखायचा थांबला का?" मी हो म्हणाले. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही. त्याला आम्हाला बघूही दिलं नाही. तिथंच सगळं उरकलं, आणि माझ्या भावानं रक्षा आणून दिली.

दिवस जुळत होते, एवढंच मला म्हणायचंय. आत्याबाईंना ते जुळताना दिसलं होतं, आणि त्यांनी विचारल्यावर मलाही.

तीन-चार दिवसांनी मी गावातल्या मुजावर मॅडमकडे गेले. डॉक्टर नसीम मुजावर. बायकांच्या डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं. मूल होत नाही म्हणून आम्ही दोघं त्यांच्याकडेच जात होतो. दयानंदचं त्यांना कळलं होतं. त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं. मग लघवी तपासली. पट्टीवर एकच रेघ आली. दिवस नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

लस कधी घेतली, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की लशीनंतर पाळी मागंपुढं झाली असं त्यांना आणखी काही जणींनी सांगितलं होतं. कुणाची लवकर आली, कुणाची लांबली, कुणाला जास्त गेलं. लशीमुळंच का, ते त्यांना माहीत नव्हतं. शिवाय माझ्यावर जे गुदरलं होतं त्यानंही पाळी थांबू शकते, असं त्या म्हणाल्या. थोडं थांबा, नाही आली तर परत या.

घरी आल्याबरोबर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि सोलतच राहिल्या.

"पट्टीला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "दयाच्या येळंला मला चवथ्या महिन्यापर्यंत ठावं नव्हतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीतरी राहायला आल्यासारखं झालं.

दयानंद गेल्यापासून आत्याबाई रडल्या नव्हत्या. जेवतही नव्हत्या. आता त्या वेळेवर जेवायला लागल्या, मला समोर बसवून वाढायला लागल्या. घागर उचलू द्यायच्या नाहीत. वाकू द्यायच्या नाहीत. माझ्याशी बोलताना त्या माझ्या तोंडाकडे बघत नसत, पोटाकडे बघत. एकदा मी डाळ निवडत असताना जवळ बसून त्या हळू आवाजात सांगत होत्या की बाप लई चिडका हुता, लहानपणी ताट भिरकावून द्यायचा, तू तसलं करू नगंस. मला वाटलं माझ्याशी बोलताहेत. मग कळलं की नाही.

एक दिवस त्यांनी मागाच्या शेडचं दार उघडलं. दयानंद दवाखान्यात गेल्यापासून ते बंद होतं. रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी दोन्ही माग पुसले, सगळ्या सांध्यांना तेल घातलं. मी दारात उभी राहून बघत होते. त्या वळून म्हणाल्या, "इकायचं न्हाई काय बी. ज्याचं हाय त्याला लागंल."

आणि मी. पट्टी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी आठवड्याभरात मला फोडणीचा वास सोसेना. छाती जड झाली. दुपारी अंग टाकलं की शेडमधून माग चालल्याचा आवाज यायचा, तो खटाखट आवाज, आणि मध्येच माग थांबवून दयानंद खाकरायचा तसं खाकरणं. मी डोळे उघडायची, आवाज बंद. डोळे मिटले की पुन्हा सुरू. मला भीती वाटायची नाही. मी पोटावर हात ठेवून ऐकत पडायची. कधी वाटायचं, आवाज शेडमधून येतच नाहीये, माझ्या आतून येतोय.

औषधाच्या दुकानातून मी गुपचूप आणखी एक पट्टी आणली. सकाळी करून बघितली. एकच रेघ. न्हाणीत उभी राहून मी ती पट्टी उजेडाकडं धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. बघत राहिलं की दुसऱ्या रेघेच्या जागी काहीतरी आहेसं वाटायचं. नजर काढून पुन्हा बघितलं की नसायचं. आत्याबाईंनी दार वाजवेपर्यंत मी बघत होते.

त्याच सुमाराला दादा, माझा भाऊ, गाडी घेऊन मला माहेरी न्यायला आला. वयाची तिशीही पुरती झाली नव्हती माझी. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. काही महिने माहेरी ठेवायचं, मग पुढचा विचार. आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या.

"असल्या दिवसांत तिला गाडीत घालून न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

दादानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग म्हणाले, दादा, पुढच्या महिन्यात बघू. तो चहा पिऊन गेला. पण आत्याबाईंचं बोलणं दाराबाहेर ऐकू गेलं होतं. आमच्या घरात करोना होऊन माणूस गेलं म्हणून महिनाभर गल्लीतलं कुणी फिरकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातली शैला कैरीच्या लोणच्याची वाटी घेऊन आली. माझ्याच वयाची, दोन लहान पोरांची आई. तिनं वाटी माझ्या हातात दिली, माझा हात दाबला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लोणचं खाल्लं. सगळं खाल्लं.

वटपौर्णिमा होऊन गेल्यावर एका दुपारी मी रिकाम्या कांड्या टोपलीत भरत होते आणि कंबरेतून कळ आली. तशी कळ मला ओळखीची होती. मी उठून न्हाणीत गेले.

मला लगेच कळलं. तरी मी बराच वेळ तिथं बसून राहिले, जणू बाहेर आले नाही तर ते खरं होणार नाही. नेहमीसारखं नव्हतं. इतकं रक्त मला कधी गेलं नव्हतं, गाठी पडत होत्या. मग सवयीनं मी पडवीत गेले आणि तिथल्या घोंगड्यावर भिंतीला टेकून बसले. बाहेर बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

आत्याबाई मला हाका मारत मागं आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. माझं पातळ मागून भिजलं होतं, घोंगड्यावर उतरलं होतं. त्यांनी ते बघितलं. किती वेळ त्या तिथं उभ्या होत्या कुणास ठाऊक.

मग त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या माझ्याजवळ खाली बसल्या, माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. मी म्हणाले, आत्याबाई, शिवू नका. त्यांनी ऐकलंच नाही. केसांतून हात फिरवत राहिल्या. मग मला धरून उठवलं, घरातून नेलं, अगदी देवघरासमोरून नेलं, न्हाणीत बसवून कढत पाण्यानं धुतलं, कोरडं पातळ नेसवलं आणि स्वतःच्या अंथरुणावर निजवलं.

खिडकीतून मला न्हाणीच्या बाहेरचा दगड दिसत होता. त्या तिथं उकिडव्या बसून माझं पातळ धूत होत्या. साबण लावला नव्हता. साध्या पाण्यात, हलक्या हातानं, लहान मुलाला धुवावं तसं. पाणी लाल झालं. ते मोरीत ओतायला त्यांनी बादली उचलली आणि थांबल्या. मग ती बादली दोन्ही हातांनी धरून त्या शेडजवळच्या शेवग्यापाशी गेल्या आणि बुंध्याशी पाणी ओतलं. एकदम नाही, थोडं थोडं. सगळं जिरेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यानंतर झाडाला धरून त्या खाली बसल्या, आणि दयानंद गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना रडताना ऐकलं. त्या एकासाठी रडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशीही रक्त थांबेना, म्हणून रिक्षा करून त्या मला मुजावर मॅडमकडे घेऊन गेल्या. मॅडमनी सोनोग्राफी केली, पुन्हा लघवी तपासली, रक्त तपासलं. मग आम्हा दोघींना समोर बसवून त्यांनी सावकाश सांगितलं की गर्भ नव्हता. गर्भ पडल्याची कुठलीही खूण नाही. पाळी लांबली होती आणि मग जास्त आली, एवढंच. रक्त थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढचे महिने बहुतेक नीट येतील, नाही आले तर परत या, म्हणाल्या.

आत्याबाई टेबलाच्या कडेकडे बघत बसल्या होत्या.

मॅडम मला म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर मला हे वर कळवायचंय. लशीनंतर झालेला त्रास म्हणून." त्या पुढं म्हणाल्या, "लशीमुळं झालं असं मी म्हणत नाही. दुःखानंही झालं असेल. एकीवरून काहीच सांगता येत नाही. पण बायका ताप आला ते सांगतात, दंड दुखला ते सांगतात, हे सांगत नाहीत. सगळ्याजणींनी सांगितलं तरच कधीतरी कळेल की काय होतं आणि काय होत नाही."

तेवढ्यात आत्याबाईंनी मान वर केली.

"माझ्या नातवाला तुमी सुईचा त्रास म्हणून लिवणार?"

आवाज चढलेला नव्हता. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या वादाला उतरल्या नाहीत.

"राहू द्या, मॅडम," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा. पण दुसरा डोस मात्र चुकवू नका."

रिक्षात आत्याबाई माझा हात हातात घेऊन बसल्या. मॅडमनी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

गल्लीत मात्र गोष्ट निराळीच झाली. पोट पडलं, असं बायका म्हणायला लागल्या. एकेक जण येऊन आत्याबाईंजवळ बसून जायची. आत्याबाई कुणाला हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. मग त्यात लशीची भर पडली. सुई घेतली म्हणून पोट पडलं. हे कुणी पहिल्यांदा म्हटलं कुणास ठाऊक; मुजावर मॅडमच्या दवाखान्यात आमच्यानंतर बसलेल्या कुणाच्या कानावर अर्धं काही गेलं असेल. श्रावण लागायच्या आत ते आमच्या गल्लीत, पलीकडच्या पेठेत, सूत आणायला जाणाऱ्या बायकांमध्ये, सगळीकडं झालं होतं. माझ्या नावानिशी.

मला ते शैलामुळं कळलं. ती संध्याकाळी आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचा नवरा लस घे म्हणून मागं लागला होता. तिनं मला विचारलं की खरं सांग, सुईनंच झालं का. मी तिला सांगितलं की पोटात काही नव्हतंच, नुसती पाळी लांबली होती. ती मान हलवत राहिली, पण मी लाजेनं झाकते आहे असं तिला वाटलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. माझी मुलं लहान हैत, नको बाई, असं म्हणून ती गेली.

मी वळले तेव्हा आत्याबाई आतल्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्या आत गेल्या.

ऑगस्टमध्ये पेठेतल्या शाळेत लसीकरण ठेवलं. माझ्या दुसऱ्या डोसची वेळ आली होती. मी एकटी जाणार होते, पण आत्याबाई पातळ बदलून तयार होऊन बसल्या होत्या. शाळेच्या मैदानात गर्दी होती, पण बायका वडाच्या पाराशी घोळका करून उभ्या होत्या. घरच्यांनी पाठवलं म्हणून आलेल्या; पुढं कुणी होत नव्हती. शैलाही होती, धाकट्याला कडेवर घेऊन. मी आत शिरले तशा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

व्हरांड्यात टेबल टाकून नर्स बसली होती. तिनं माझं नाव घेतलं, आधार बघितलं आणि विचारलं की पहिल्या डोसनंतर काही त्रास झाला होता का.

"दंड दुखला होता. थोडा ताप," मी म्हणाले.

नर्स पुढच्या प्रश्नाला गेली. मागून आत्याबाई म्हणाल्या, "आणिक एक लिवून घ्या."

नर्सनं मान वर केली. आत्याबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड नर्सकडे होतं, पण आवाज पारापर्यंत जाईल एवढा होता.

"तिची पाळी लांबली हुती. महिनाभर लांबली आणि मग लई गेलं." त्या थांबल्या. मला वाटलं एवढंच. पण त्यांनी श्वास घेतला. "पोटात काय नव्हतं. डाक्टरणीनं तपासून सांगितलंय. नुसती पाळी लांबली हुती."

नर्स जरा गोंधळली. तिनं पलीकडं बसलेल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं, मुजावर मॅडमचं नाव घेतलं, आणि लिहिलं. लिहून होईपर्यंत आत्याबाई तिथंच उभ्या होत्या, टेबलाला हात लावून.

मग त्या वळल्या. पारापाशी उभ्या असलेल्या बायकांना त्या म्हणाल्या, "माझ्या पोराला ही सुई मिळाली न्हाई."

आणि पायऱ्या उतरून मैदानात जाऊन बसल्या. मी सुई घेतली. खोलीत अर्धा तास बसले होते तेव्हा शैला बाही वर करून आत आली आणि तिनं मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्यामागून आणखी काही जणी आल्या.

घरी जाताना मी आत्याबाईंना काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चालता चालता त्या म्हणाल्या, "दादाला फोन कर. तुला जायचं असंल तर जा. मी आता अडवत न्हाई."

मी गेले नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दिवाळीनंतर एक कारागीर ठेवून मी माग सुरू केले. अजून चालवते आहे. आत्याबाई गेल्या वर्षी गेल्या.

मध्ये पेपरात वाचलं की कितीतरी देशांतल्या बायकांनी असं कळवल्यावर त्याचा अभ्यास झाला. लशीनंतर पाळी थोडी लांबू शकते, काही दिवस, आणि एक-दोन महिन्यांत परत जागेवर येते. माझी पुढची पाळी वेळेवरच आली होती, त्यानंतरच्याही. पण माझा तो महिना नुसता काही दिवस लांबला नव्हता. त्यातले किती दिवस सुईचे आणि किती दयानंदचे, ते कुणी वेगळं करून देऊ शकणार नाही. आत्याबाईंनी सांगितलं ते कुठल्या तरी मोजणीत गेलं असेल, असं मी धरून चालते.

एवढं सगळं झाल्यावर, दयानंद गेला त्या वर्षीच्या माघात, थंडी उतरायला आली असताना, एका सकाळी घरभर तुपाचा वास आला. मी शेडमधून आले तर आत्याबाई परातीत डिंक तळून काढत होत्या. शेजारी खोबरं, खारका, आळीव. बाळंतिणीला घालतात ते लाडू त्या वळत होत्या. मी मनात महिने मोजले. त्यांनी ते कधीच मोजून ठेवलेले असणार.

त्यांनी एक लाडू माझ्या हातात दिला. "थंडी हाय. खा."

मग उठून त्यांनी जुनं मऊ लुगडं फाडून केलेली पट्टी आणली आणि माझ्या मागं बसून माझे कान झाकून डोक्याला बांधली, घट्ट, वारं जाऊ नये अशी. मी बांधू दिलं. रोज सकाळी त्या मला लाडू द्यायच्या, कान बांधायच्या, अंगाला तेल लावून कढत पाणी घालायच्या. सव्वा महिना त्यांनी हे केलं, आणि तेवढे दिवस मला मागाला हात लावू दिला नाही; शेड कारागीरच बघायचा. कुणासाठी, ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही. डबा रिकामा झाला त्या दिवशी त्यांनी तो घासून उन्हात पालथा घातला, माझ्या डोक्याची पट्टी सोडली, घडी करून ठेवली आणि म्हणाल्या, "जा आता. तुझा माग सुरू कर."